मोकळ्या जागा

डोळे मीट बघू. नीट मीट, पापण्यांच्या फटीतून बघणारे मला लगेच ओळखू येतात. आता समज की तू एक बाबा आहेस. हसू नकोस, थोडा वेळच व्हायचं आहे. सकाळची घाईची वेळ आहे, पुढ्यात कपड्यांची बादली आहे, आणि तुझ्या मुलीचा फ्रॉक पाण्यात टाकण्याआधी तू त्याचा खिसा चाचपून बघतोस, कारण मागच्या वेळी खिशात खडू राहिला होता आणि घरातले सगळे शर्ट निळे झाले होते. बोटांना काय काय लागतं? थोडी वाळू. एक गुळगुळीत दगड. पेन्सिलीचं तुटकं टोक. आणि मग काहीतरी पातळ, चपटं, एका कडेला धारदार. बघ, बोट मागे आलं ना? त्याचंही आलं.

करंगळीएवढा काळा तुकडा होता तो. एका बाजूनं निमुळता, दुसऱ्या बाजूनं तडकलेला. दुसऱ्या कुणाला तो मोडक्या खेळण्याचा वाटला असता आणि त्यानं कचऱ्यात टाकला असता. त्याला तसं वाटलं नाही. असा तुकडा त्यानं कामावर काचेच्या कपाटात ठेवलेला पाहिला होता. तो ड्रोनच्या पात्याचा तुकडा होता, आणि ड्रोनचं पातं असं मोडतं ते फक्त ड्रोन आपटतं तेव्हाच. ओल्या हातात तो तुकडा धरून तो उकिडवा बसून राहिला. नळ चालूच होता. बादली भरून पाणी वाहायला लागलं, पायाखालून गार गेलं, तरी त्याला उठायचं सुचलं नाही. भीती अशी येते, बाळा. दार वाजवून येत नाही. आधी पाय गार पडतात आणि कशानं ते नंतर कळतं.

मुलगी दाराशी बुटाची नाडी बांधत होती. घरात आणि गल्लीत तिला सगळे फौजदार म्हणत, कारण ती बोलायला शिकली तीच मुळी प्रश्न विचारत. तिची आई पहाटेच्या पाळीला निघून गेली होती, त्यामुळे सकाळचा कारभार दोघांचाच असे.

"हे कुठं मिळालं?" त्यानं तळहात पुढे केला.

"बाबा, तू माझ्या खिशात हात घातलास?"

"फौजदारसाहेब, आज प्रश्न मी विचारतोय."

"खड्ड्यात मिळालं."

"कुठल्या खड्ड्यात?"

"आमच्या. शिंपीणकाकूंच्या दुकानासमोरच्या. सगळ्यांना माहीत आहे, तुलाच काही माहीत नसतं." नाडीची दुसरी गाठ मारून तिनं वर पाहिलं. "आणि टाकू नकोस हं. जिंकलाय मी तो."

"जिंकलास म्हणजे? कसला खेळ?"

"आहे आमचा. राज्य नसतं त्यात, म्हणून मला आवडतो."

"एरवी तुझ्यावर राज्य येतच नाही की काय?"

"आलं तर मी भांडते," ती म्हणाली. हे खरं होतं. राज्य घ्यायची वेळ आली की ती आकाशपाताळ एक करायची, नियम काढायची, साक्षीदार उभे करायची, आणि शेवटी राज्य दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. "आज खेळायला जाऊ नकोस," असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ती "का?" म्हणणार हे ठरलेलं होतं, आणि त्या 'का'चं उत्तर त्याच्यापाशी तयार नव्हतं, होतं ते त्याला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं. जिन्यावरून तिचे बूट धडधडत खाली गेले.

कामाला तो चालत जायचा. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मान वर करून चालून पाहिलं. आकाशात रस्ते नसतात असं तुला वाटत असेल, तर सांगतो, पूर्वी नव्हते. आता इमारतींच्या वर, पक्ष्यांच्या जरा खाली, न दिसणाऱ्या वाटा आखलेल्या आहेत, आणि त्या वाटांवरून ड्रोन जातात. कुणाची चप्पल, कुणाचं औषध, कुणाच्या वाढदिवसाचं पुस्तक पोटाशी धरून, डासासारखी गुणगुणत. खालून चालणारं कुणीच वर बघत नाही. तोही बघत नसे. वर बघायचं काम तो दिवसभर पडद्यावर करत होता, मग रस्त्यात कशाला? पण आज मानेच्या मागच्या बाजूला, केस संपतात तिथं, त्याला एक थंड ठिपका जाणवायला लागला. कुणी बोट टेकवून ठेवावं तसा. हा ठिपका त्याच्या ओळखीचा होता. शाळेत असताना त्याच्या बाकाच्या बरोबर वर एक पंखा होता. चालू झाला की डोलायचा. छताशी त्याची कडी करकरायची आणि फळ्यावरच्या अक्षरांऐवजी त्याला फक्त ती करकर ऐकू यायची. बाईंना सांगायचं धाडस झालं नाही. सगळे हसले असते. मग त्यानं एक युक्ती केली. खिडकीजवळ ऊन लागतं म्हणून कुरकुरणाऱ्या एका मुलाला तो म्हणाला, तू माझ्या जागेवर बस, मी तिकडं बसतो. तो मुलगा खूश झाला. त्यानं दोन वेळा थँक्यू म्हटलं. पंखा कधी पडला नाही. पण वर्षभर खिडकीजवळून तो त्या मुलाच्या मानेकडे बघत राहिला. बारीक, कोवळी मान. वहीवर वाकलेली. घरी गेल्यावरही ती त्याच्या डोळ्यांपुढून हलत नसे.

त्याची कामाची खोली लांबलचक होती आणि तिला खिडकी नव्हती. जे आकाश सांभाळायचं ते तिथून दिसत नसे, पडद्यांवर दिसे. हिरवे ठिपके वाटांवरून सरकत असत आणि एखादा ठिपका अडचणीत आला, बॅटरी उतरली किंवा मोटर रुसली, की तो लाल होई. लाल ठिपक्याला कुठंतरी खाली टेकवावं लागतं, आणि ते 'कुठंतरी' आधीच ठरवून ठेवलेलं असतं. अशा जागेला तिथं सगळे गादी म्हणत. "टाक गादीवर," असं कुणीतरी म्हणे आणि ठिपका विझून जाई. शहरभर अशा गाद्या होत्या. जिथं माणूस नाही, घर नाही, गाडी नाही, अशी मोकळी जागा म्हणजे गादी. मशीन सर्वांत जवळची गादी सुचवी. माणसानं फक्त मान डोलवायची, किंवा दुसरी निवडायची.

खुर्चीत बसल्याबरोबर त्यानं स्वतःच्या घराजवळचा भाग काढला. कुणीतरी इमारतीचा पाया खणून अर्धवट सोडून दिलेली ती जागा लगेच सापडली. चौकोनी, आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा माणूसभर खोल, कडेनं गवत. मधोमध गादीची खूण होती. खुणेखाली ती निवडणाऱ्याची आद्याक्षरं असत. ती त्याचीच होती. मग त्याला आठवलं. काम नवीन होतं, जागा निवडायची घाई होती, वरून काढलेल्या फोटोंचा ढीग पुढ्यात होता. हा फोटो पाहून त्याला बरं वाटलं होतं. किती स्वच्छ मोकळी जागा, आणि खोल असल्यामुळे तुकडे उडाले तरी रस्त्यावर जाणार नाहीत. शेजारच्याला त्यानं कौतुकानं दाखवलीही होती. आता तोच फोटो त्यानं पडदाभर मोठा केला. ऊन स्वच्छ. रस्ते जवळजवळ रिकामे. सकाळ सरत आलेली, दुपार व्हायची. म्हणजे शाळा भरलेली. फोटो सगळेच त्या वेळचे होते. गर्दी नको, धुकं नको, लांब सावल्या नकोत, म्हणून या खोलीतल्यांनीच ती वेळ मागून घेतली होती.

पाळीची प्रमुख एक वयस्क बाई होती, सगळे तिला ताई म्हणत. ती चहा ढवळत त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती.

"ताई, ही गादी काढायची आहे."

"का? टोचते?"

"तिथं मुलं खेळतात."

ताई वाकली. "कुठं आहेत? मला तर गवत दिसतंय."

"फोटो शाळेच्या वेळचा आहे. सगळेच त्या वेळचे आहेत."

चमचा थांबला. "सगळे?" असं ती हळूच म्हणाली, आणि मग आवाज नेहमीसारखा करून, "तुझी जाते का तिथं?"

"हो."

"मग घरात बसव तिला. माझ्या बहिणीनं आपली दोन्ही मुलं घरातच वाढवली. काही बिघडलं नाही. जरा जाड झालीत, एवढंच." तो हसला नाही, तेव्हा तिनं कप टेबलावर ठेवला. "हे बघ, एक काढलीस तर मशीन शेजारची धरेल. तीही काढलीस तर पलीकडची. सगळ्या काढायच्या म्हणजे आकाशच बंद करायचं. चपला राहू देत, औषधं जातात, रक्ताच्या पिशव्या जातात. उद्या सगळे विचारणार, कुणी केलं? चौकोन आहे समोर, मी काही तुझा हात धरत नाही. पण ते राज्य कोण घेणार? मी नाही बाबा. माझी निवृत्ती उंबरठ्यावर आली आहे."

चौकोन प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात होता: 'सगळं थांबवा'. तो दाबला की हवेतली ड्रोन आपापल्या तळावर परत फिरतात, नवी उडत नाहीत, आणि मशीन दाबणाऱ्याचं नाव विचारतं. त्या खोलीत तो कुणी कधी दाबला नव्हता. "बघतो," तो म्हणाला. म्हणजे काहीच करणार नाही, हे दोघांनाही कळलं.

पण बघणं त्यानं थांबवलं नाही. शेजारची गादी पडद्यावर उघडली. दोन गोदामांच्या मधला तिकोनी तुकडा होता. रिकामा. त्यानं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा जमिनीवर फिकट रेघा दिसल्या. खडूनं आखलेले चौकोन. लंगडी घालत खेळायचे. आणि शेवटच्या चौकोनाजवळ एकच लहानशी चप्पल, पालथी. त्याच्या पलीकडची गादी: एक झाड, झाडाच्या फांदीला दोरी, दोरीखाली गवत झिजून झालेला मातीचा गोल. त्याच्या पलीकडची: भिंतीवर कोळशानं काढलेला गोलपोस्ट. तो बघत गेला. फोटोत एकही मूल नव्हतं, आणि सगळ्या फोटोंत मुलंच मुलं होती. अशी कशी आपण शोधून शोधून हीच ठिकाणं काढली? मग त्याला वाटलं, दुसरं काय होणार? मोठ्यांनी जी जागा कशासाठीच घेतलेली नाही, ती मुलांनी घेतलेली असते. आपणही तशीच जागा शोधत होतो. आपण आणि मुलं एकच गोष्ट शोधत होतो. जेवणाच्या सुट्टीत तो उघड्या डब्यापुढे बसून पडद्याकडेच बघत राहिला. शेजारचा म्हणाला, "काय रे, डब्यात काय साप निघाला?" आणि त्यानं डबा झाकून ठेवला.

शाळा सुटायची वेळ झाली तशी त्याची नजर घड्याळाला चिकटली. संध्याकाळी ठिपके वाढतात; लोक घरी येतात, त्यांना आपापल्या वस्तू हव्या असतात. तो स्वतःशी म्हणत होता की इतक्या दिवसांत काही झालं नाही, आजच कशाला होईल, पंखाही कुठं पडला होता. आणि त्याच वेळी, शिंपीणकाकूंच्या गल्लीवर, एक ठिपका लाल झाला.

बॅटरी. भराभर उतरत होती. मशीननं गादी सुचवली: खड्डा. त्याखाली दुसरा पर्याय: गोदामांमधला तिकोन. ड्रोन आधी खाली येऊन थोडा वेळ डोक्यावर थांबतं, लाल दिवा लावतं, लांब-आखूड-लांब अशी शिट्टी वाजवतं, म्हणजे खालच्यांना दूर व्हायला वेळ मिळावा, मग उतरतं. तेवढाच वेळ त्याच्या हातात होता; त्यात काही निवडलं नाही, तर ते खड्ड्यातच उतरणार होतं. बोट आपोआप दुसऱ्या पर्यायाकडे गेलं. किती सोपं होतं. एक बोट. तिकडे फौजदार नव्हती. तिकडे कोण होतं, त्याला माहीत नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. पडद्याच्या कडेला त्या तिकोनाचा चिमुकला फोटो उमटला आणि त्यात ती पालथी चप्पल होती, आता ठिपक्याएवढी. त्याला वहीवर वाकलेली ती मान दिसली. बोट पडद्यापासून केसभर अंतरावर थांबलं. डाव्या हातानं त्यानं खिशातून फोन काढला. फ्रॉकच्या मापासाठी घेतलेला शिंपीणकाकूंचा नंबर त्यात होता.

"काकू, मी फौजदारचा बाबा."

"फ्रॉक झाला नाही अजून, आधीच सांगते."

"फ्रॉक राहू दे. समोर खड्ड्यात मुलं आहेत का?"

"असतातच की. का हो?"

"बाहेर काढा त्यांना. आत्ताच्या आत्ता. वरून एक ड्रोन—"

"ते होय! आलंय ना, लाल दिवा लावून. ऐका काय गोंधळ चाललाय." तिनं फोन दाराबाहेर धरला असावा. त्याला शिट्टी ऐकू आली. लांब, आखूड, लांब. ती त्यानंच निवडली होती. कुठंही ऐकू येईल, कुणी गोंधळणार नाही अशी. आणि त्या शिट्टीवर पोरांचा एकसुरी गजर: "लाल झालं! लाल झालं!"

"पळताहेत का?"

"पळताहेत की. तिकडंच पळताहेत. त्याच्याखाली गोल करून उभं राहायचं, जो शेवटी हटेल त्याला मोडकं पातं. रोजचंच झालंय." काकूचा आवाज बदलला. "अहो, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुमचंच ना ते काम?"

त्याच्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. आपण दूर व्हा म्हणून वाजवत होतो, आणि ती पोरं या म्हणून ऐकत होती. "तिला बोलवा," तो कसाबसा म्हणाला. काकूनं हाक मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आईच्या नावानं दम भरून. खडीवरून धावती पावलं आली.

"बाबा, पटकन बोल. माझी जागा जाईल."

तिचा श्वास त्याच्या कानात होता, म्हणजे ती काकूंच्या दाराशी होती, म्हणजे ती वाचली होती. "काकूंचा हात धर," तो म्हणाला. "सोडू नकोस. ऐक. खड्डा मी निवडला आहे. ड्रोन टाकायला. मला वाटलं तिथं कुणी नसतं."

"असं कसं? आम्ही तर रोज असतो."

"मला दिसला नाहीत. आणि त्याची बॅटरी संपत आली आहे. या वेळी ते हळू उतरणार नाही. दगडासारखं पडेल."

"मग सगळ्यांना सांग ना."

"काकू सांगतील."

"काकूंचं कोण ऐकतं? आधी हटतो तो भित्रा." मग तिनं विचारलं, अगदी सरळ, नेहमी विचारते तसं, "मी काकूंपाशी थांबायचं. आणि बाकीचे?"

त्यानं तोंड उघडलं. लहानपणी बाईंपुढे उभं राहिल्यावर जशी जीभ टाळ्याला चिकटायची तशी ती चिकटली. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. त्याच्या त्या गप्प राहण्यातून तिला काय कळलं कोण जाणे, फोन कशावर तरी आपटला, काकू किंचाळली, "अगं ए!" आणि पावलं लांब गेली. तो फोनमध्ये तिच्या नावानं ओरडला. सगळी खोली त्याच्याकडे वळली. आणि मग त्याला तिचा आवाज आला, शिट्टीच्याही वर, घसा ताणून, आजवर तिच्या तोंडून कधी न ऐकलेलं वाक्य:

"माझ्यावर राज्य! पळा! माझ्यावर राज्य!"

राज्य कुणावर आलं की बाकीच्यांनी काय करायचं असतं, ते तुला सांगायला नको. तिथं विचार नसतो, पाय असतात. गजर तुटला. किंकाळ्या झाल्या, आनंदाच्या, आणि पावलं फुटली, चारी दिशांना, खडीवर, गवतात, चढावावर. तो मोजायला गेला आणि मोजता येईनात. तिची कुठली, ओळखू येईना. शिट्टी मध्येच थांबली. मग एक बोथट आवाज आला, पोतं टाकावं तसा. मग काहीच नाही. पडद्यावरचा ठिपका विझला. विझलेला ठिपका नेहमी विझतो तसाच विझला होता. त्याच्याकडे बघून खाली काय झालं ते कळायला काही मार्ग नव्हता. इतकी वर्षं तो असाच मान डोलवून पुढच्या ठिपक्याकडे वळत आला होता. ताई त्याच्या पाठीशी येऊन उभी होती.

"बाबा?" धापा टाकत कुणीतरी फोन उचलला. "बाबा, सगळे पळाले. मी एकालाही पकडलं नाही."

तो फक्त श्वास घेत होता, तिच्या श्वासावर श्वास टाकत.

"ऐकतोयस ना? मी दमले. आता कोणावर राज्य?"

समोर शहर पसरलं होतं. संध्याकाळची दाट गर्दी, हिरव्या ठिपक्यांची, आणि प्रत्येक ठिपक्याखाली कुठंतरी एक मोकळी जागा. त्यातला कुठला ठिपका आता लाल होईल? त्यानं बोट कोपऱ्यातल्या चौकोनावर नेलं आणि दाबलं. मशीननं नाव विचारलं. एकेक अक्षर शोधत त्यानं आपलं नाव लिहिलं, आणि ठिपके जागच्या जागी थबकले, आणि हळूहळू, एकामागून एक, माघारी वळायला लागले.

"माझ्यावर," तो म्हणाला.

"खरंच? भांडणार नाहीस?"

"नाही."

"मग डोळे मीट आणि मोज," फौजदार म्हणाली. "फटीतून बघायचं नाही हं." आणि फोन काकूंच्या हातात कोंबून ती लपायला पळाली.